बालरोग विभागात मुलीच जास्त, मग तक्रार कसली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज राउंड संपल्यावर पुन्हा वाचली. बालरोगतज्ज्ञांमधल्या स्त्री-पुरुष समानतेबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही तीन गोष्टी म्हणालात. पीडियाट्रिक्सच्या एम.डी.ला आता मुलीच जास्त दिसतात, मग समानता कसली मागता? पुण्यात डॉ. बानू कोयाजींनी केईएम हॉस्पिटल चालवलं, त्यांचं कुठे अडलं? आणि बायका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की रात्रपाळ्या पुरुषांच्या गळ्यात पडतात, त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

शेवटचं आधी घेते, कारण ते खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. माझ्या बाळंतपणात माझे कॉल, म्हणजे रात्री-अपरात्रीच्या ड्युट्या, दोन सहकाऱ्यांनी वाटून घेतले. त्यातल्या एकाची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. त्याची जागरणं वाढली, आणि बाप झाला म्हणून त्याला स्वतःला एक दिवसही रजा मिळाली नव्हती. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, खासगीत तसा कायदाच नाही. पण सर, बदली डॉक्टर न नेमण्याचा निर्णय हॉस्पिटलचा होता. त्यात पैसे वाचले हॉस्पिटलचे, आणि तो सहकारी आणि मी मात्र एकमेकांचे देणेकरी असल्यासारखे वागत राहिलो.

माझी रजा तरी कसली? मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, ती नोकरदार बाईला. माझ्या करारात मी कन्सल्टंट, पेशंट पाहीन तेवढी फी. कागदावर नोकरीच नाही, तर रजा कुठून येणार? नवव्या आठवड्यात ओपीडीत परतले. सकाळभर आयांना सांगायचं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. दुपारी चादरींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून स्वतःचं दूध काढायचं, कारण त्या दाराला आतून कडी नव्हती. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच दुरुस्तीत आहे. आमच्याकडे त्याची चौकशी केली तेव्हा, ‘मॅडम, इथे कोण मुलं आणणार?’ असं उत्तर मिळालं. मुलांच्याच वॉर्डाच्या मजल्यावर.

आता संख्येबद्दल. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांमध्ये स्त्रिया निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत. तिथल्या ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१९ साली सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातल्या डॉक्टरांच्या कमाईचा अभ्यास आला. स्त्रियांची कमाई पुरुषांच्या सुमारे ७६ टक्के निघाली. तुम्ही म्हणाल, त्या तास कमी भरतात. तास, कामाचं स्वरूप, घरच्या जबाबदाऱ्या, सगळं हिशेबात धरल्यावरही वर्षाला सुमारे ८ हजार डॉलरची तफावत उरलीच. वर्गात मुली भरल्या म्हणजे पुढचं आपोआप सुरळीत होतं, हे मला म्हणूनच पटत नाही. आपल्याकडे तर असा हिशेब कुणी मांडून दाखवावा, एवढीच माझी पहिली मागणी आहे.

बानूबाईंबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. रास्ता पेठेतलं केईएम, वढू गावातलं ग्रामीण आरोग्याचं काम, १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार, हे आठवलं की आजही बळ येतं. पण त्यांच्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि बाईने हॉस्पिटल चालवल्याचं उदाहरण द्यायचं तर तुम्हाला आणि मलाही पहिलं तेच नाव सुचतं. माझं दुखणं नेमकं इथेच आहे.

परवा एका आजीने, मी बाळ तपासून, औषधं समजावून झाल्यावर विचारलं, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ शेजारी माझा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे अजून शिकत असलेला डॉक्टर, उभा होता, त्याच्याकडे बघत. आजींवर माझा राग नाही. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं तेच त्या विचारत होत्या. पण त्या पोराने ‘आजी, मोठ्या डॉक्टर याच’ असं पटकन सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

नेमकं काय हवंय, असं तुम्ही विचारलंत. कन्सल्टंटच्या करारात बाळंतपणाची रजा लिहिलेली हवी आणि त्या काळात बदली डॉक्टर नेमायची जबाबदारी हॉस्पिटलची, सहकाऱ्यांची नव्हे. बापालाही रजा हवी. विभागप्रमुख नेमताना निकष आधी लेखी लावलेले हवेत. आणि कडी असलेली एक खोली.

तुमच्या विभागात करार तुमच्या सहीने होतात, असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी नवा करार कराल तेव्हा त्यात बदली डॉक्टरची ओळ घालता येते का, ते पाहून मला कळवाल का?