वाचकाची यादी मागणाऱ्यांना उत्तर

‘लपवण्यासारखे काही नसेल तर वाचनाची नोंद कोणी पाहिली म्हणून काय बिघडले? पालक, प्राचार्य किंवा पोलीस मागतील तेव्हा ग्रंथपालाने सभासदाच्या वाचनाची यादी दाखवावी. नोंदी ठेवणे हेच त्याचे काम आहे. वाचकाची गोपनीयता हे अमेरिकी खूळ आहे,’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे.

नोंदी ठेवण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. देवघेवीची नोंद पुस्तक परत यावे यासाठी असते, वाचकाचा इतिहास जमवण्यासाठी नव्हे. संगणक येण्यापूर्वी आपल्याकडे रुळलेल्या ब्राउन पद्धतीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या खिशासारख्या तिकिटात घालून परतीच्या तारखेनुसार लावून ठेवत. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हाती जाई, आणि त्याने काय नेले होते याचा त्या व्यवस्थेत मागमूस उरत नसे. नेवार्क पद्धतीत मात्र पुस्तकाच्या कार्डावरच सभासद क्रमांक लिहिला जाई आणि पुस्तक परत आल्यावरही तो तसाच राही. संगणकीय देवघेवीत तर हा इतिहास आपोआप साचतो. ग्रंथालयांसाठीच्या ‘कोहा’ या संगणक प्रणालीत परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदींतून सभासदाची ओळख पुसण्याची सोय आहे, पण ती वापरण्याचे ग्रंथालयाने ठरवावे लागते.

‘लपवण्यासारखे’ या युक्तिवादात गृहीत धरले आहे की पुस्तकावरून वाचक कळतो. क्षयरोगावरचे पुस्तक नेणारी व्यक्ती रुग्ण असेल, रुग्णाची बहीण असेल किंवा परिचर्येची विद्यार्थिनी असेल. नोंद यांतले काहीच सांगत नाही, तर्क मात्र सगळे सुचवते. घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक नेणाऱ्या स्त्रीने काही गैर केलेले नसते, तरीही घरच्यांना ते ग्रंथपालाकडून कळू नये ही तिची अपेक्षा रास्तच आहे. लहान मुलाच्या थकीत पुस्तकाची चौकशी पालकांनी करणे वेगळे आणि प्रौढ विद्यार्थ्याच्या वाचनाची यादी प्राचार्यांनी मागणे वेगळे.

अमेरिकी खुळाविषयी थोडक्यात. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 1939 च्या आचारसंहितेत वाचकाची खासगी माहिती गुप्त राखण्याचे कर्तव्य आहे, हे खरे. तेच तत्त्व ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 2012 च्या संहितेत आहे. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये एकमताने सांगितले आहे.

राहिले पोलीस. तपासात अडथळा आणा, असे कोणतीच संहिता सांगत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 नुसार ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने दस्तऐवज मागू शकतो. म्हणून देवघेव विभागात तोंडी मागणी आली, तर ग्रंथपालाने नम्रपणे लेखी आदेश मागावा, तो संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे ठेवावा आणि आदेशात असेल तेवढीच नोंद द्यावी.