नळाचं काय झालं?

माझा प्रश्न अगदी साधा होता. 'मॅचची तारीख बदलल्याचं टीव्हीवाल्यांनी 8 तारखेला जाहीर केलं. तुम्ही आम्हाला कळवलंत 12 तारखेला. मधले चार दिवस काय करत होतात?' चाहत्यांशी संवाद साधायच्या कार्यक्रमासाठी प्रश्न दहा दिवस आधी लिहून पाठवायचे होते, तसा पाठवला. परवा संध्याकाळी निवेदिकेने हसत हसत तो वाचून दाखवला: "आमच्या एका चाहत्याला विचारायचंय, की क्लबच्या आणखी जवळ येण्यासाठी त्याने काय करावं?"

वर माझं नावही घेतलं, तेही असं की माझं मलाच ओळखू येईना. दोनशे माणसं वळून बघायला लागली, की हा कोण एवढा लाळघोट्या.

क्लब फुटबॉलचा, इंग्लंडमधला आहे. नाव सांगत नाही, कारण पुढच्या हंगामातही मला तिकीट हवंय.

चार दिवसांचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनमध्ये येतं. प्रत्येक संघाच्या 38 मॅचेस, आणि तारखांपुढे बहुतेक ठिकाणी शनिवार, दुपारी तीन. स्थळ बघायला जाताना मुलाच्या पगाराचा आकडा जेवढा गंभीरपणे घ्यायचा असतो, तेवढ्याच गंभीरपणे ही वेळ घ्यायची. मग टीव्हीवाले येऊन आपल्या आवडीच्या मॅचेस उचलतात. कुठली शुक्रवारी रात्री आठला, कुठली शनिवारी साडेबाराला, कुठली रविवारी साडेचारला. आणि जी कुणालाच नको, ती सोमवारी रात्री आठला. हे सगळं पाच-सहा आठवडे आधी कळतं. इकडे रेल्वेची ठरावीक गाडीची स्वस्त तिकिटं मात्र साधारण 12 आठवडे आधी सुटतात, आणि स्वस्तातली लगेच संपतात. म्हणजे स्वस्त तिकीट काढायचं तर तारीख माहीत नसते आणि तारीख कळते तेव्हा स्वस्त तिकीट नसतं. काढलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत. गाडी बदलून घेता येते, पण त्याला साधारण 10 पौंड आणि वर दरातला फरक. परगावच्या मॅचच्या तिकिटाला लीगने 2016 सालापासून 30 पौंडांची मर्यादा घातली आहे, त्याचं कौतुक सगळीकडे होतं. पण 30 पौंडांच्या मॅचसाठी 90 पौंडांचं रेल्वेचं तिकीट काढणाऱ्याला त्या मर्यादेचा काय आनंद होणार? त्यातून सोमवारी आठला सुरू झालेली मॅच दहाला संपते, आणि लांबच्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी बहुधा तोवर निघून गेलेली असते. या सगळ्यात चार दिवस म्हणजे तिकिटाचे दोन दर चढतात.

एवढंच विचारायचं होतं. क्लबच्या जवळ मला यायचं नाही. मॅच होते तिथे वेळेवर पोचायचंय.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, गळ्यात लोकरीचा मफलर, मांडीवर थर्मास, पायाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल. त्यांनी प्रश्न आधी पाठवला नव्हता. वेळ संपत आल्यावर ते सरळ उभेच राहिले. माइक घेऊन फिरणारा मुलगा दुसरीकडे पळत होता, पण आजोबांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

"नळाचं काय झालं?"

व्यासपीठावर चार जण होते. त्यातल्या एकाचा हुद्दा 'सामना-दिवस अनुभव प्रमुख' असा होता. पांढरे बूट, कोट, आत टी-शर्ट. तो पुढे सरसावला. "फारच छान प्रश्न."

"पूर्वेकडच्या स्टँडखालचं पुरुषांचं स्वच्छतागृह," आजोबा म्हणाले. "दोन नळ आहेत. एकावर निळा ठिपका, एकावर लाल. दोन्हीतून गारच पाणी येतं."

"मी तुमचं म्हणणं ऐकतोय."

"म्हणणं नव्हे, पाणी. जानेवारीत बोटं अशी बधिर होतात की चहाचा पेला धरवत नाही. चहा साडेतीन पौंडांना आहे."

"सामन्याच्या दिवशी चाहता घरातून निघतो तेव्हापासून त्याचा एक प्रवास सुरू होतो, आणि हात धुणं हा त्या प्रवासातला..."

"कसला प्रवास? बावीस पायऱ्या आहेत."

आता हसू फुटायला लागलं होतं. अनुभव प्रमुखाने मात्र वही काढली. खरंच काढली. "मला सांगा, तुमच्या मनातला आदर्श नळ कसा आहे?"

आजोबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. डॉक्टर बघतात तसं.

"गरम," ते म्हणाले.

त्याने ते लिहून घेतलं. लिहायला त्याला जेवढा वेळ लागला त्यावरून 'गरम'च्या पुढेही काहीतरी लिहिलं असणार. मग म्हणाला, की स्वच्छतागृहांबद्दल चाहत्यांच्या भावना समजून घेण्यासाठी एक पाहणी याच हंगामात हाती घेण्याचा विचार आहे. आजोबांनी वाकून फाइल उचलली आणि तिच्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला. "ही पाहणी झालेली आहे. तुमच्या आधीच्या आधीच्या माणसाने केली. निष्कर्ष असा आहे, की पाणी गार येतं."

त्या फाइलीत काय नव्हतं! कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला पानं उलटून दाखवली. पहिलं उत्तर टंकलेलं, खाली शाईची सही: प्लंबरला सांगितलं आहे. दोन ओळी. दुसरं उत्तर नव्या मालकाच्या काळातलं, गुळगुळीत कागदावर: स्टँडच्या नूतनीकरणात विचार करू. तिसऱ्यात नळ हा शब्दच नाही, 'सुविधा' आहे. चौथ्यात सुविधाही नाही. 'आपल्या सर्वांच्या क्लबची वाटचाल' आहे, आणि ती दीड पान आहे. मालक बदलत गेले तसा कागद चांगला होत गेला, मजकूर वाढत गेला आणि पाणी तेवढंच गार राहिलं. माझ्या मते क्लबच्या व्यवस्थापनाचा याहून नेमका इतिहास कुणी लिहिलेला नाही.

आणि ही भाषा सरावाने वाचता येते. 'आनंदाची बातमी' असं शीर्षक असेल तर पाकिटात हात घालायचा, तिकिटं महागली. 'व्यापक सल्लामसलतीनंतर' म्हणजे निर्णय आधी झाला, सल्लामसलत नंतर. 'परस्पर संमतीने' म्हणजे एकाची संमती होती. प्रशिक्षकावर 'पूर्ण विश्वास' जाहीर झाला की त्याने घरभाड्याचा करार वाढवू नये. 'काही मोजक्या चाहत्यांना फरक जाणवेल' यातले मोजके म्हणजे आपण. मेल कधी आली तेही बघायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर आलेली मेल उघडायचीच नाही, कारण तिच्यात जे असतं त्याबद्दल विचारायला सोमवारपर्यंत फोनवर कुणी नसतं. आणि देशांच्या मॅचेससाठी लीगला सुट्टी असते त्या आठवड्यात तर कानच टवकारून बसायचं. मैदानात मॅच नाही, म्हणजे ओरडायला गर्दी नाही. भाववाढीला याहून चांगला मुहूर्त कुठला पंचांगवाला काढून देईल?

मोठ्यांच्या घरीही हेच. 2021 च्या एप्रिलमध्ये, 18 तारखेच्या रविवारी रात्री, युरोपातल्या 12 बड्या क्लबांनी 'सुपर लीग' काढल्याचं जाहीर केलं. त्यात इंग्लंडचे सहा. आपला क्लब बड्यांची वेगळी युरोपीय लीग काढायला निघालाय हे चाहत्यांना बातम्यांतून कळलं. मंगळवारी चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी रस्ता अडवला, संघाची बस अडकली, आणि त्यांना समजवायला बाहेर आला कोण? पेत्र चेक. क्लबचा जुना गोलरक्षक, तेव्हा तिथे सल्लागार. मालक नाही, कार्यकारी अधिकारी नाही, गोलकीपर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका अंगावर घ्यायची सवय, म्हणून त्यालाच पाठवला असेल. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली, आणि पाठोपाठ माफीच्या चिठ्ठ्या आणि व्हिडिओ सुरू झाले. जे विचारायला 48 तास नव्हते, त्याची माफी मागायला ते निघाले.

लिव्हरपूलच्या लोकांनी तर उत्तर न मिळण्यावर उत्तरच शोधून काढलं होतं. नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट 77 पौंडांचं होणार असं कळल्यावर 6 फेब्रुवारी 2016 ला संडरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. तेव्हा संघ 2-0 ने पुढे होता. मॅच 2-2 सुटली. चार दिवसांत मालकांनी जाहीर माफी मागून दर मागे घेतले. किती अर्ज, किती बैठका झाल्या असतील त्याआधी! पण मालकांना ऐकू आलं ते रिकाम्या खुर्च्यांचं. जर्मनीत 2023 च्या डिसेंबरपासून लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याच्या बेताविरुद्ध प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, सोनेरी कागदातल्या चॉकलेटच्या मोहरा फेकल्या, मॅचेस वारंवार थांबवल्या, आणि फेब्रुवारीत तो बेत बारगळला. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती राहतात, असा नियमच आहे. आमच्या हाती काय, तर गार पाणी.

इथेही आता नियम झाले आहेत, नाही असं नाही. 2023-24 पासून प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबाला चाहत्यांचं सल्लागार मंडळ ठेवावं लागतं. 2025 च्या जुलैत फुटबॉल कारभाराचा कायदाही झाला, स्वतंत्र नियामक आला. तिकिटांच्या दरांसारख्या गोष्टींवर चाहत्यांचा सल्ला घेणं त्यामुळे भाग आहे. घेणं. मानणं नव्हे. आमच्या घरी लग्नाच्या वेळी आत्याबाईंचा सल्ला घेत असत, तसा.

परवाच्या पडद्यावर त्याचंच फळ झळकत होतं. डावीकडे 'तुम्ही म्हणालात', उजवीकडे 'आम्ही केलं'. डावीकडे: संवाद वाढवा. उजवीकडे: संवाद विभाग वाढवला.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला गेलात तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. संघ पेठेचे नाहीतर तालमीचे. सेंटर फॉरवर्ड का बसवला हे विचारायला फॉर्म भरावा लागत नाही. शाहू स्टेडियमवरून निघालेली गर्दी पेठेत पोचायच्या आत कारभाऱ्याला चहाच्या गाडीवर गाठते, "काय रं, डोळं फुटलं हुतं काय?" इथून संवादाला सुरुवात होते, आणि उत्तरही त्याच पट्टीत मिळतं. त्याचे तोटे आहेत. संवाद कधीकधी जास्तच होतो आणि पोलिसांना मध्ये पडावं लागतं. पण माझा प्रश्न बदलून मलाच ऐकवायची तिथे कुणाची छाती नाही.

इथे उत्तर हवं असेल तर एकच वाट मला खात्रीची वाटते. तक्रार म्हणून लिहायचंच नाही, तक्रारीला 'आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार' एवढंच येतं. विदा-संरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायद्याखाली, माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेली सगळी माहिती आणि पत्रव्यवहार द्या, अशी मागणी करायची. पैसे पडत नाहीत, आणि साधारण महिन्याभरात उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं. मेलमध्ये सभासद क्रमांक घालायचा, तारखा घालायच्या, विशेषणं काढून टाकायची. माझा मूळ प्रश्न कुणी, कधी आणि कशाला बदलला, ते आता मी असंच मागवलंय. आज दुसरा दिवस.

निघताना आजोबांनी थर्मास उघडला. मला वाटलं चहा असेल. नुसतं गरम पाणी होतं. मॅचला हा थर्मास आत नेऊ देत नाहीत, पिशव्यांचे नियम बदलले. "मला कुणी सांगितलंच नाही, दारावर काढून घेतला एकदा," ते म्हणाले.

"मेल आली होती," मी म्हणालो.

"माझ्याकडे मेल नाही."

मग मला आठवलं, की पुढच्या हंगामापासून प्लॅस्टिकचं सीझन कार्डही बंद आहे. पास फोनमध्येच घ्यायचा, दारावरच्या यंत्राला फोन टेकवायचा, फोनची बॅटरी संपली तर तिकीट-खिडकीवर ओळखपत्र घेऊन रांग लावायची. ज्यांना फोनवर जमत नाही त्यांनी अमुक तारखेपर्यंत अर्ज करावा, हेही कळवलं होतं. मेलने. त्या तारखेला नऊ दिवस उरलेत. मी त्यांना ते सांगितलं.

त्यांनी फाइल पुन्हा उघडली, एक कोरा कागद काढून वर तारीख टाकली, मी सांगितलेलं सगळं ठळक अक्षरांत उतरवून घेतलं. "कुणी सांगितलं तेही लिहावं लागतं," म्हणाले. "नाव?"

मी सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं, आणि कागद चौथ्या उत्तराच्या मागे लावून ठेवला.