मंचावर इंजिनिअरलाही खुर्ची हवी

तंत्रज्ञान वापरून केलेल्या कलेवरच्या जाहीर व्याख्यानांना मी आवर्जून जाते, आणि बहुतेक वेळा चिडून बाहेर पडते. तासभर 'माणूस आणि यंत्र', 'संवेदना', 'भविष्य' वगैरे मोठमोठे शब्द कानावर पडतात, पण पडद्यावर दाखवलेलं काम चालतं कसं, ते कुणी सांगत नाही. विचारलं तर "तो तांत्रिक भाग झाला" म्हणून विषय संपवतात. अहो, तो भाग वगळला तर उरतं काय?

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गचं 'ओपन स्कोअर' हे मंचावरचं सादरीकरण घ्या. ऑक्टोबर १९६६, न्यूयॉर्क. इंजिनिअरांनी टेनिसच्या रॅकेटींमध्ये छोटे ट्रान्समीटर बसवले होते. फटका बसला की त्याचा आवाज त्या प्रचंड सभागृहात घुमायचा आणि एक दिवा विझायचा. पुन्हा फटका, पुन्हा एक दिवा. खेळता खेळता मिट्ट काळोख. मग त्या काळोखात शेकडो माणसं येऊन उभी राहिली. प्रेक्षकांना ती दिसली ती फक्त पडद्यावर, इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून. आता ट्रान्समीटर आणि कॅमेरा बाजूला ठेवून या कामाबद्दल पाच मिनिटं बोलून दाखवा!

त्यामागचा बिली क्लूव्हर हा बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतला इंजिनिअर. कलावंत आणि इंजिनिअर यांच्या जोड्या जुळवायला पुढे संस्थाच निघाली, तिच्या संस्थापकांत तो आणि राउशेनबर्ग दोघंही होते. म्हणजे ही जोडी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही.

मेक्सिकन-कॅनेडियन कलावंत राफाएल लोझानो-हेमरच्या 'पल्स रूम'मध्ये (२००६) खोलीभर बल्ब टांगलेले असतात. तुम्ही सेन्सर धरता आणि तुमच्या नाडीच्या ठोक्यांवर एक बल्ब लुकलुकतो. हात सोडला की सगळे दिवे क्षणभर विझतात, तुमचे ठोके रांगेतल्या पहिल्या बल्बवर जातात, बाकीच्यांचे एकेक घर पुढे सरकतात आणि सर्वांत जुने ठोके रांगेबाहेर पडतात. हा सरकण्याचा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेला आहे आणि माझ्या मते कामाचा सगळा जीव त्यातच आहे. व्याख्यानात मात्र 'हृदयाशी नातं' एवढ्यावर बोळवण होते.

आणि दुरुस्ती? कोरियन-अमेरिकन व्हिडिओ कलावंत नाम जून पाइकचा दक्षिण कोरियातला १,००३ टीव्हींचा मनोरा १९८८ सालचा. टीव्ही जुने झाले, धोका नको म्हणून २०१८ मध्ये तो बंद ठेवावा लागला आणि डागडुजीनंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. काही जुन्या टीव्हींच्या जागी सपाट एलसीडी पडदे आले. मग हे तेच काम राहिलं का? यावर मला दुरुस्ती करणाऱ्याचं म्हणणं ऐकायचंय, समीक्षकाच्या शेजारी बसून त्याने वाद घातलेला ऐकायचाय.

हल्ली एआयच्या कामांवर सगळ्यात जास्त व्याख्यानं होतात आणि तिथे तर धुकंच धुकं. "मशीन स्वप्न बघतं" म्हणे! मशीनला शिकवायला कुठली चित्रं खाऊ घातली, ती कुणाची होती, शेकडो नमुन्यांतून हेच का निवडलं, हे सांगा ना.

आयोजकांनो, पुढच्या वेळी वायरी जोडणाऱ्या आणि कोड लिहिणाऱ्या माणसालाही माइक द्या. प्रश्नोत्तरांना शेवटची पाच मिनिटं नकोत, निम्मा वेळ ठेवा. पहिला प्रश्न माझा असेल: मध्येच वीज गेली, तर तुमचं काम पुन्हा कुठून सुरू होतं?