कापसात काय काय निघतं आणि शिव्या कोणाला पडतात

व्हॉट्सॲपवर परत तो व्हिडिओ फिरतोय. जिनिंगमधे (कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना) कापसाच्या ढिगातून गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, गोणीची सुतळी, एक चपलेचा पट्टा असं काढून काढून दाखवताय, आणि खाली लोकं लिहिताय की शेतकरी काही सुधारणार नाही. (गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे बरं का, पुड्या तरी कापसात निघताच.) डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांब होईल.

नुकसान खरं आहे, ते मी नाकारतच नाही. केस, पुडी दिसली तर हाताने काढता येते, खरी डोकेदुखी युरियाच्या गोणीच्या धाग्याची. ती गोणी प्लास्टिकची, उन्हात पडून कुजली की तिचे धागे सुटतात आणि कापसाला चिकटतात. रुईसोबत (सरकी काढलेला कापूस) तो धागा सूतगिरणीत गेला की तिथली मशीनं त्याचे बारीक बारीक तुकडे करून सगळ्या सुतात पसरवून टाकतात. पांढऱ्यात पांढरा, कॅमेऱ्याच्या मशीनलाही नीट दिसत नाही. आणि त्याला रंग चढत नाही, त्यामुळे कापड विणून, रंगवून झालं की मग ठिपके दिसतात, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर. गिरण्यांमधे तर नुसतं हे निवडायलाच बाया बसवलेल्या असतात. आपला कापूस हाताने वेचलेला, अमेरिका-ऑस्ट्रेलियाचा मशीनने, तरी जगात कचऱ्यासाठी नाव आपलं खराब. (मशीनवाल्यांचंही सगळं गोड नाही, तिकडे मशीन कापसाचा गोल गठ्ठा ज्या प्लास्टिकमधे गुंडाळतं त्याचेच तुकडे आता अमेरिकेच्या रुईत निघायला लागलेत.)

आता हे आमच्या खान्देशात, चोपडा, पारोळा, शिरपूरकडे कापसात जातं कसं ते बघा. वेचणीची मजुरी किलोवर. बाई सकाळी दवात ओटी बांधून उतरते, जेवढं जास्त वेचेल तेवढे पैसे, ती पाला, कवडी (किडका, डागी कापूस), केस बघत बसेल का? डोक्याला सुती रुमाल बांधा, कापडाच्या झोळीत वेचा, हे कृषी विभागवाले सांगतात, बरोबरच सांगतात, पण रुमाल आणि झोळी आणायची कोणी? मग वेचलेला माल युरियाच्या रिकाम्या गोणीत, कारण घरात तीच फुकट पडलेली असते. घरी आणला की ओसरीत ढीग, त्यावर पोरं उड्या मारतात, कोंबड्या फिरतात, भाव वाढेल या आशेवर महिना दोन महिने तसाच पडलेला. गोडाऊन कोणाकडे आहे हो?

आणि मग खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, येतो. ढिगात हात घालतो, मूठभर दाबून बघतो, आणि गावात सगळ्यांना एकच भाव. आमच्या काकूंनी मागे हौसेने सगळ्या बायांना रुमाल दिले, जुन्या धोतरांची फडकी शिवली, कवडी वेगळी काढली, माल असा की हात लावावासा वाटेल. भाव शेजारच्याइतकाच. पुढच्या वर्षी काका म्हणे, "काय व्हस त्यानी? ऱ्हाऊ दे." (त्याने काय होतं? राहू दे.) चुकलं का त्यांचं?

जे मुद्दाम पाणी मारतात, वजनाला दगड-माती टाकतात त्यांची बाजू मी घेणार नाही. दगड किंवा लोखंडाचा तुकडा जिनिंगच्या मशीनमधे गेला की ठिणगी उडते आणि रुईला आग लागायला ठिणगी पुरते. तिथे काम करणारे मजूर आपल्याच गावचे असतात.

पण बाकीच्यांना अक्कल शिकवण्याआधी ओलाव्याचं बघा ना. सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ) सेंटरवर मीटर लावतात, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. म्हणून अडाणी म्हणवणारा माणूसही सेंटरवर न्यायचा तर कापूस वाळवून नेतो. कोणी भाषण नाही दिलं, पैसे कापले जातात हे कळलं, बस. तसंच कापडाच्या गाठोड्यात, बिनकचऱ्याचा माल आणला की क्विंटलला शंभर रुपये जास्त असं उघड लिहा, आणि गाठोड्याचं कापड जिनिंगवाल्याने द्या, मग बघा काय होतं ते. गिरणीला कचरा निवडायचा खर्च येतोच आहे, त्यातलाच थोडा इकडे वळवा. सरकारने 'कस्तुरी' नावाचा ब्रँड काढला, १७० किलोच्या गठाणीला (रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा) क्यूआर कोड लागतो, चांगलीच गोष्ट आहे, पण गठाण बनायच्या आधी जवळपास पाच क्विंटल कापूस कोणाच्या तरी ओसरीत प्लास्टिकच्या गोणीत पडलेला असतो, त्याचं काय?

परवा गल्लीत माल भरायला ट्रक आला होता. व्यापाऱ्याचाच. वरून निळी प्लास्टिकची ताडपत्री, कडा पार झिरझिरीत झालेल्या, तिचे धागे सुटून खाली कापसावर पडताय, आणि ड्रायव्हर शेतकऱ्याला विचारतोय, "माल साफ आहे ना दादा?"