थुंकायची बंदी

आमच्याकडे दाढ दुखणं हा आजार नाही, हंगाम आहे. आधी लवंग, मग लवंगेचं तेल, मग मेडिकलवाल्याची गोळी, अन् तरी ठणका नाही थांबला की गालावर हात ठेवून एसटीनं दारव्हा. मी हे सगळं करण्यात तीन महिने घातले, अन् तुरी काढायची ऐन गर्दी असताना रात्री उठून बसलो तेव्हा बायको म्हणाली, "अवो, जा ना आता, आम्हाले तरी झोपू द्या."

डॉक्टरनं एक्स-रे काढला. कीड पार मुळापर्यंत गेली होती, लवकर आलो असतो तर रूट कॅनल झालं असतं, पण आता वर नुसतं टरफल उरलं म्हणे, कॅप बसवणार कशावर? बीपी-शुगर विचारली. मग आमच्याकडच्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं विचारलं, "खर्रा खाता काय?" मी म्हटलं अधूनमधून. त्यानं उरलेल्या दातांकडे पाहिलं अन् पुढं काही विचारलं नाही.

इंजेक्शन देऊन दाढ काढायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत, दाब जाणवला, दुखलं नाही. त्रास नंतरचा. खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला, पाऊण तास घट्ट चावून ठेवा म्हणाला. मी जन्माचा कापूसवाला, पण कापूस तोंडात धरला की माणूस मुका होतो हे पहिल्यांदा कळलं. अन् वरून म्हणतो, "२४ तास थुंकायचं नाही!"

अरे, आमच्या गावात माणूस बोलता बोलता थुंकते का थुंकता थुंकता बोलते हेच समजत नाही. पण डॉक्टर म्हणाला, त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते, तीच आतल्या हाडाचं झाकण. थुंकलं, स्ट्रॉनं ओढलं, खर्रा-बिडी लावली तर झाकण उडालं समजा, मग तिसऱ्या दिवशी जे दुखते त्याच्यापुढं ही दाढ बरी होती म्हणाल.

फाट्यावर उतरलो तर पानठेल्यावर सगळी मंडळी हजर. "काढली काय बे?" मी म्हटलं, "हं." "किती घेतले?" "हं." एकानं खर्र्याची पन्नी पुढं केली, मी मान हलवली, तोंडात लाळ इतकी की गिळून गिळून पोट भरलं. मागून आवाज आला, "मालाच्या पैशाचा चुकारा भेटला वाटते लेकाले, बोलूनच नाही राहिला."

त्यात संध्याकाळी शेजारी रोडगे-वांग्याची पंगत. आवारापर्यंत वास येऊन राहिला अन् मी गार ताकभात डाव्या बाजूनं, तोही अर्धा शर्टावर, कारण ओठ अजून बधिरच, आहे का नाही तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला २४ तास भरले. मिठाचं कोमट पाणी घेऊन अंगणात गेलो, आता हाणू एक दणदणीत गुळणी! तर बायको डॉक्टरचा कागद घेऊन मागं उभी. "जोरात नाही करायची लिवलं आहे, नुसतं फिरवा अन् पडू द्या." मग काय, मान वाकवून, तोंड उघडं टाकून उभा राहिलो, थेंब थेंब गळत. शेजारचे काका कुंपणावरून पाहून राहिले होते.

"काय गा सूनबाई," ते म्हणाले, "याले लाळ्या-खुरकुताची लस टोचली नाही काय?"