स्क्रिप्ट कधीच थांबू नये असं वाटत असेल तर एवढं करा

रंगपंचमीला अख्खं इंदूर राजवाड्यावर गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, रंगून निघत असताना ज्यांनी घरात बसून दुसऱ्याच्या कोडमधलं व्हाइल ट्रू (स्वतःहून कधीच न थांबणारं लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा कोड) शोधलंय, त्यांनी हा लेख सोडून द्या, तुम्हाला सगळं पाठ आहे. हा लेख ते व्हाइल ट्रू लिहून, क्रॉनला (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालू करणाऱ्या गड्याला) लावून, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गेरला निघून गेलेल्या कलावंतांसाठी. तुमची कला अजून वाढावी म्हणून चार गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी, लूपला बाहेर पडायची एकच वाट ठेवा आणि ती समोरच्या सर्व्हरच्या मर्जीवर सोडा. किती फेऱ्या झाल्या हे मोजायचं नाही, "दहा हजार झाल्या, आता थांब" वगैरे लिहिणं घाबरटांचं काम.

दशांश असतील तर अजून सोपं. शून्यापासून 0.1 मिळवत जा आणि बरोबर 1 झाला की थांबायचं असं लिहा. दहा वेळा मिळवल्यावर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 0.9999999999999999 येतं, पुढच्या फेरीला 1 मागे पडलेला असतो, मग चालू द्या.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची याची मर्यादा, देऊ नका. पायथनची वेबवरून माहिती मागवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःहून टाइमआउट लावत नाही, तिला कशाला दुखवायचं?

आता मुख्य मंत्र. एक्सेप्ट, कोलन, पास, म्हणजे कुठलीही चूक आली तरी काही न करता पुढे चला. बस. याच्यापुढे काही शिकायची गरज नाही. इंटरनेट गेलं, पास. पासवर्ड चुकला, पास. डिस्क भरली, पास. व्हेरिएबलचं स्पेलिंग तुम्हीच चुकवलंत, तेही पास, आणि तुमची स्क्रिप्ट स्वतःच्याच चुकीभोवती आनंदानं गिरक्या घेत राहील. दारावरची बेल वाजली की आतून "घरात कोणी नाहीये" म्हणून ओरडणाऱ्या पोरासारखा हा एक्सेप्ट असतो. आमच्याकडे काय झालं ऐका. मार्च एंडिंग, क्लॉथ मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना उधारीची आठवण करून देणारे एसएमएस, यादी पानापानानं यायची, प्रत्येक पानासोबत पुढच्या पानाचं टोकन, म्हणजे ते मागवायची खूण. शेवटच्या पानावर टोकन नसतंच, मग की-एरर (मागितलेली गोष्ट इथे नाही, अशी चूक) आला, तो पासनं गिळला, टोकन जुनंच राहिलं आणि लूपनं तेच शेवटचं पान परत आणून परत सगळ्यांना एसएमएस केले. परत. परत. यादी इंग्रजी आडनावांनी लावलेली, म्हणून फोन येत होते ते सगळे डब्ल्यूवाल्यांचे! रामबागेतले एक काका, पैसे कधीच भरून मोकळे झालेले, मला म्हणाले, "अरे बाबा, पावती आहे माझ्याकडे, आता काय दारात ढोल वाजवायला येणार आहात का?" मी काय सांगणार? कंट्रोल-सी दाबतोय, दाबतोय, काही होत नाहीये, कारण पायथनमध्ये कंट्रोल-सी म्हणजे कीबोर्ड-इंटरप्ट, तोसुद्धा एक एक्सेप्शनच, म्हणजे चालू कोड अडवणारी घटना, आणि आपला कुठलं एक्सेप्शन ते न सांगणारा उघडा एक्सेप्ट त्यालाही खाऊन ढेकर देतो. एक शब्द, एकच शब्द जास्त लिहायचा होता. एक्सेप्ट एक्सेप्शन. 2006 मध्ये पायथन 2.5 आलं तेव्हापासून कीबोर्ड-इंटरप्ट मुद्दाम त्या 'एक्सेप्शन' नावाच्या घोळक्याच्या बाहेर ठेवलाय, माणसाला निदान थांबवता तरी यावं म्हणून. इतकी वर्षं झाली, तो शब्द अजून आमच्या ऑफिसात पोचायचाय.

(एक्सेलवाल्यांनी हसू नका. तुमचं ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट, म्हणजे चूक आली तरी पुढची ओळ, आम्ही पाहिलंय.)

हां, थांबवायचं कसं तेही शिकवतो. कंट्रोल-झेड दाबा आणि "थांबली!" असं ग्रुपवर टाका. ती थांबलेली नसते, झोपलेली असते, मेमरी, कनेक्शन, लॉक सगळं पोटाशी धरून, पण ग्रुपवर अंगठे तर येतात.

तसं नको असेल तर थेट किल मायनस नाइन, चालू प्रोग्राम म्हणजे प्रोसेस जागीच मारणारी कमांड. साधा किल करून बघायचा नाही. साध्या किलनं सिगटर्म, म्हणजे 'आता आटप' असा निरोप, जातो, एक्सेप्ट-पासला तो गिळता येत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा काम मुकाट्यानं होऊन जातं, मग त्यात मजा काय? नाइननं प्रोसेसला आवराआवर करायची संधीच मिळत नाही, फाइल अर्धवट, लॉकफाइल तिथेच पडलेली, आणि दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट म्हणते, मी तर आधीच चालू आहे. शिवाय ती कुठल्या ओळीवर अडकली होती हा पुरावाही तिच्यासोबत गेला. मारायच्या आधी टॉप या कमांडमध्ये एक नजर टाकली तर कळतं, प्रोसेसरचा एक कोर शंभर टक्के जळतोय म्हणजे गरागरा फिरतेय, शून्याजवळ आहे म्हणजे कोणाची तरी वाट बघत बसलीये. पाय-स्पाय या टूलला प्रोसेसचा नंबर देऊन डंप म्हटलं तर चालू प्रोसेसला न मारता ओळ नंबरासकट दाखवतं, जावा असेल तर किल मायनस थ्रीनं सगळ्या थ्रेडांचा हिशोब छापून मिळतो. पण छे, आधी मारा, मग विचारा काय झालं होतं.

मेली? मग पाच मिनिटं थांबा, क्रॉन दुसरी आणेल. पहिली चालू असली तरी आणेल. फ्लॉक, म्हणजे एका वेळी एकच चालू देणारं कुलूप, लावायचं नाही हा आपला नियमच आहे.

लॉगनं डिस्क भरली तर लॉगची फाइल उडवा आणि जागा का मोकळी होत नाही म्हणून आश्चर्य करा. फाइल प्रोसेसनं उघडून धरलीये, ती सोडेपर्यंत जागा मिळणार नाही, पण हे सांगणाऱ्याला "तू फार टेक्निकल बोलतोस" म्हणा.

ती एसएमएसची स्क्रिप्ट लिहून गेरला गेलेल्या आणि रंग उतरवून आलेल्या आमच्या कलावंताला जाब विचारला, तर त्याचं उत्तर होतं, "अरे भिया, बडी-बडी कंपनी का होता है।" होतं ना. मायक्रोसॉफ्टचे 30 जीबीचे झून प्लेयर 31 डिसेंबर 2008 ला एकसाथ गोठले होते, लीप वर्षाचा 366 वा दिवस, दिवस 365 पेक्षा जास्त म्हणून लूप आत शिरायचं, लीप वर्ष म्हणून 366 पेक्षा जास्त आहेत का विचारायचं, नाहीत, म्हणून काहीच न करता परत वर. उपाय काय सांगितला, तर बॅटरी संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चालू करा. पण तो गाणी ऐकायचा डबा होता रे, तो बंद पडला तर घरातल्या घरात बंद पडला, लोकांना वसुलीचे निरोप पाठवत नव्हता!

मग दुसरं उत्तर आलं, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचं. 1936 मध्येच सिद्ध झालंय म्हणे, प्रोग्राम थांबेल की नाही हे आधी सांगता येत नाही. अरे, कुठलाही प्रोग्राम दिला तरी उत्तर देईल अशी एकच पद्धत असू शकत नाही, हे सांगितलंय त्यानं. तुझ्या चाळीस ओळींना त्यानं माफी दिलेली नाही. त्या चाळीस ओळी थांबतील की नाही हे कोणीही सांगू शकलं असतं, तू एकदा शेवटच्या पानापर्यंत चालवून बघितली असतीस तर तूसुद्धा.

आणि आता उपरोध वगैरे बास. लूप अडकणं मी समजू शकतो, सगळ्यांचं अडकतं. पण तू ते असं लिहिलंस की चूक दिसणार नाही, थांबवायला गेलं तर थांबणार नाही आणि थांबलंच तर आपोआप परत उठेल, वर ते कुठल्या युजरनं कुठल्या मशीनवर चालतं हे फक्त तुझ्या डोक्यात, आणि डोकं गेरमध्ये. हा आळस आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं सणाच्या दिवशी मोजायची हा उद्धटपणा आहे. फेऱ्यांना मर्यादा घाल. टाइमआउट दे. एरर आला तर छाप, गिळू नकोस. एकाला एका दिवसात एकच एसएमएस जाईल हे पाठवायच्या आधी तपास. फाइलच्या डोक्यावर तीन ओळी लिही, कुठे चालते, कशी थांबवायची, कोणाला विचारायचं. हे जमत नसेल तर ती क्रॉनमधून काढ आणि हातानं चालव, स्वतः समोर बसून, संपेपर्यंत.