सहा चटयांची यामानोते

तोक्योत निशी-कासाईला आमच्या फ्लॅटची एक खोली सहा तातामींची आहे, म्हणजे जमिनीवर सहा चटया मावतात एवढी. तीच बैठकीची, तीच झोपायची आणि शनिवारी सकाळपासून तेच माझं रेल्वे मंत्रालय. जपानी लोक या प्रकाराला 'ओझाशिकी उन्तेन' म्हणतात. मॉडेल रेल्वेचे रूळ चटईवरच मांडायचे, दिवसभर गाडी फिरवायची आणि रात्री सगळं आवरून गाद्या घालायच्या. भातुकलीच ती, फक्त महाग.

माझी गाडी यामानोते लाइनची. अकरा डबे, १:१५० प्रमाण. खरी यामानोते ३४.५ किलोमीटरचा फेरा घालते, ३० स्टेशनं घेते आणि तासाभरात जिथून निघाली तिथे परत येते. हा फेरा प्रमाणात बसवायचा तर २३० मीटर रूळ हवेत. बायकोने पावणेचार मंजूर केले. त्यात गाडीच दीड मीटर लांब, त्यामुळे आमच्या मोटरमनला समोर सिग्नल दिसत नाही, आपल्याच गाडीचं बूड दिसतं.

(जाता जाता सांगतो. यामानोतेचे खरे रूळ १०६७ मिलिमीटर रुंद. दीडशेने भागलं तर सात येतात, पण एन गेजचे, म्हणजे माझ्या मॉडेलच्या मापाचे, रूळ ९ मिलिमीटरचे. म्हणजे माझी गाडी थोरल्या भावाच्या चपला घालून चालते. शिन्कान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, रूळ १४३५ चे, म्हणून तिचं मॉडेल १:१६० ला करतात आणि ९ चं माप चपखल बसतं. श्रीमंताघरच्या पोरांना चपलासुद्धा मापाच्या.)

तर सहा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, ही उलटी कधी फिरणार?"

झालं. माझी इलेक्ट्रिकलची डिग्री जागी झाली. दोन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, आणले आणि गोलाच्या पोटातून एक तिरका रूळ टाकला. गाडी गोलातून बाहेर पडणार, तिरकी जाऊन पलीकडे मिळणार आणि उलट्या दिशेने फिरू लागणार. कागदावर इतकं देखणं दिसलं की मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. पहिला सांधा फिरवला, ठीक. दुसरा फिरवला आणि रुळांना वीज देणाऱ्या (एकाला प्लस, दुसऱ्याला मायनस) पॉवर पॅकने मान टाकली. गाडी जागच्या जागी थिजली.

रूळ पुसले. चाकं पुसली. जोड आवळले. निळी-पांढरी वायर काढून परत लावली. जपानमधलं पहिलं एन गेज इंजिन, काटो कंपनीचं सी-५०, १९६५ साली आलं. तेव्हापासून लोक असे चटईवर ओणवे होतायत, मग बारा व्होल्टने नेमकं माझ्याशीच का वागावं असं?

बायको कॉमर्सची. चहा घेऊन आली, दहा मिनिटं बघत उभी राहिली, मग खाली बसली. तिच्या तर्जनीला नेलपॉलिश लावून झालं होतं, मधलं बोट अजून कोरं होतं. तर्जनी डाव्या रुळावर, मधलं उजव्यावर ठेवून तिने बोटं चालवली. तिरक्या रुळावरून, पलीकडे वळून, फेरा घालून निघाली तिथे परत.

"आता बघ," ती म्हणाली. "निघताना रंगवलेलं बोट खिडकीकडच्या रुळावर होतं. आता कोरं आलंय. तुझा प्लस फिरून मायनसच्या उरावर बसतोय."

तिने तर्जनीवर फुंकर घातली आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

उपाय सोपा होता. तिरक्या रुळाच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचे जोड घालून तो तुकडा वेगळा तोडायचा आणि त्याला प्लस-मायनस उलटवणारा स्वतंत्र टॉगल स्विच द्यायचा. स्विचला सहा पाय, त्यातले कोपऱ्यातले चार तिरके एकमेकांना बांधायचे. लहानपणी दारात येणारा कल्हईवाला नवसागर टाकून फडक्याचा एक हात फिरवायचा की पातेलं चांदीसारखं लखलखायचं. माझं सोल्डर मात्र पायाला धरेना. गोळी व्हायची आणि टपकन पडायची, दर वेळी तातामीवर. घर सोडताना डिपॉझिटमधून काय काय कापलं जाणार याचा हिशेब बायको मोठ्याने करत होती.

तीन तासांनी स्विच तयार झाला. जोड चार लागतात, तीनच सापडले. चिंचोक्याहून लहान वस्तू ती. मी टॉर्च घेऊन कपाटाखाली अर्धा शिरलो असताना मागून चाकांचा आवाज आला.

चिरंजीवांनी दोन्ही सांधे सरळ केले होते आणि पॉवर पॅकवरचा दिशेचा खटका या बाजूचा त्या बाजूला. यामानोतेला दोन्हीकडे तोंड असतं. ती शांतपणे उलट्या दिशेने फिरत होती.

"बाबा, फिरली बघा."

बायको काही बोलली नाही. गाद्या काढायला उठली.

चौथा जोड रात्री दोन वाजता सापडला. पाणी प्यायला उठलो तेव्हा, तळपायाला.